हवा भरा, तेल बदला आणि गप्प बसा!

गाडीचा खर्च कसा वाचवावा, हे सांगणाऱ्यांची आपल्याकडे कधीच टंचाई नव्हती. टायरात हवा बरोबर ठेवा, एअर फिल्टर साफ करा, कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय तेवढ्याच किलोमीटरला तेल बदला, गरज नसताना टपावरचा कॅरिअर मिरवू नका, वेग ४५ ते ५५च्या दरम्यान ठेवा. सगळं खरं आहे. हवा कमी असेल तर दोन-तीन टक्के पेट्रोल उगाच जळतं, हे कोणीही मेकॅनिक सांगेल. शहाण्या माणसानं हे करावंच. पण माझं भांडण या सल्ल्यांशी नाही. ते ऐकून आपण ज्या समाधानाने गप्प बसतो, त्या समाधानाशी आहे.

कारण तुम्ही हवा भरून जे वाचवता, ते पंपावर तुमच्या नकळत कापून घेतलं जातं.

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं लक्ष्य आधी २०३०चं होतं. ते अलीकडे ओढून २०२५मध्ये गाठलं गेलं. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणजे तेवढ्याच पेट्रोलमध्ये गाडी कमी धावणार, यात गूढ काही नाही. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातच लिहिलं आहे की जुन्या धाटणीच्या चारचाकीचं मायलेज सहा-सात टक्क्यांनी, दुचाकीचं तीन-चार टक्क्यांनी घटेल. नव्या मिश्रणासाठी जुळवून घेतलेल्या गाडीचं एक-दोन टक्क्यांनी. म्हणजे हे विरोधकांचं कुभांड नव्हे, सरकारचाच कागद आहे.

आता हिशेब मांडू. महिन्याला हजार किलोमीटर, लिटरला पंधराचं मायलेज, आणि सोयीसाठी पेट्रोल शंभर रुपये धरा. खर्च ६,६६७ रुपये. मायलेज सहा टक्क्यांनी उतरलं तर तोच खर्च ७,०९२. महिन्याला सव्वाचारशे, वर्षाला पाच हजारांच्या वर! टायरात हवा भरून तुम्ही याच्या निम्मंसुद्धा परत मिळवणार नाही.

बरं, ऊर्जा कमी तर दामही कमी हवा की नको? दुधात पाणी घालून दुधाचाच भाव लावणाऱ्याला आपण काय म्हणतो? त्याच अहवालात शिफारस होती की अशा इंधनाची किंमत साध्या पेट्रोलपेक्षा कमी ठेवावी, म्हणजे ग्राहकाचं नुकसान भरून निघेल. ती शिफारस कागदावरच राहिली. २०२५मध्ये उत्तर मिळालं, की इथेनॉलचाच खरेदीभाव आता वाढला आहे. असेल. पण मग ती वाढ गाडीवाल्याच्या खिशातून, त्याला न विचारता का? १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या विषयावरची जनहित याचिका फेटाळली. कायद्याचा दरवाजा तेव्हा बंद झाला. हिशेब विचारण्याचा झालेला नाही.

'पण शेतकऱ्याला पैसे मिळतात ना!' इथे आपण सगळे वरमतो. म्हणून जरा निर्ण्याकडे जाऊ. कर्नाटकातल्या बीदर जिल्ह्यातलं हे गाव. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत निजामी बीदरचे तीन वाटे झाले, एक म्हैसूरला, एक मुंबई राज्याला, एक आंध्राला. त्या सीमाभागात मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगू शेजारी नांदतात, आणि जांभ्याचं पठार आपल्या चिऱ्याचं सख्खं भावंड वाटतं. तूर, उडीद, सोयाबीन हे तिथलं जुनं-नवं धन. जिथे पाणी आहे तिथे ऊस. आणि पाणी तर तिथे पावसाच्या मर्जीवर. उसापासून एक लिटर इथेनॉल बनवायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं, हा आकडाही त्याच सरकारी अहवालातला. आज मक्याचा वाटा वाढला आहे, हे मान्य. तरी अवर्षणाच्या मुलखातलं पाणी उसातून काढून पणजीच्या सिग्नलवर जाळायचं, आणि त्याला शेतकऱ्याचं कल्याण म्हणायचं, हे मला पटत नाही. शेतकऱ्याला भाव द्यायचा असेल तर उघड द्या. माझ्या टाकीच्या आडून नको.

आणि गोव्याने तर यावर बोलूच नये, अशी स्थिती आहे! धारबांदोड्याचा संजीवनी सहकारी साखर कारखाना बंद पडला, ऊस उत्पादक वर्षानुवर्षे सरकारच्या दारात बसले. मग तिथे इथेनॉल प्रकल्प आणू, अशा घोषणा झाल्या. घोषणांवर गाडी चालत नाही, चूलही पेटत नाही.

आपल्यासाठी आणखी एक गोष्ट. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. आणि गोव्याचा पावसाळा म्हणजे भिंतीलाही घाम! आखाती देशात, बोटीवर गेलेल्यांच्या गाड्या महिनोन्महिने अंगणात ताडपत्रीखाली उभ्या असतात. त्या गाड्या अधूनमधून चालवायला कोणाला तरी सांगून जा. एप्रिल २०२३च्या आधीची गाडी असेल तर रबरी नळ्या, गॅस्केट मेकॅनिककडून तपासून घ्या. काही जुन्या गाड्यांचे हे भाग बदलावे लागतील, असं सरकारनेच म्हटलं आहे, वर 'खर्च किरकोळ' हेही. किरकोळ कोणासाठी, हे मात्र सांगितलं नाही.

म्हणून मित्रहो, हवा भरा, तेल वेळेवर बदला, गाडी सावकाश हाका, शक्य तिथे कदंबने जा. पण याला बचत म्हणून थांबू नका. मागणी दोनच आहेत. पंपावर कमी इथेनॉलचं पेट्रोलही ठेवा, ज्याला जे परवडेल ते तो घेईल. आणि ज्यात ऊर्जा कमी, त्याचा भाव कमी करा. बाजारात बांगडा घेताना आपण वाटा उलटापालटा करून बघतो, दोन रुपयांसाठी घासाघीस करतो. पंपाच्या नळीसमोर तेच गोंयकार इतके मुके का?