चाचे कोण आणि बंडखोर कोण?

मालवणच्या दांडीवर उभे राहिले की समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग दिसतो. १६६४ साली शिवछत्रपतींनी त्याचा पाया घातला व १६६७ साली तो पुरा झाला. शाळेत शिकविला जाणारा इतिहास बहुधा येथेच थांबतो. हा किनारा पुढे परकीयांच्या हाती कसा गेला, हा अडचणीचा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर शोधताना दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका युद्धाकडे पाहिल्यास बराच उलगडा होतो.

इ. स. पू. ५८ मध्ये ज्युलियस सीझर गॉलच्या, म्हणजे स्थूलमानाने आजच्या फ्रान्सच्या, राजकारणात उतरला तो मित्राच्या वेषात! एदुई ही रोमची दोस्त जमात. शेजाऱ्यांविरुद्ध तिला मदत हवी होती. ती मदत देता देता आठ-नऊ वर्षांत सारा गॉल रोमच्या टाचेखाली आला. इ. स. पू. ५६ मध्ये अटलांटिक किनाऱ्यावरील व्हेनेती या दर्यावर्दी जमातीने धान्यासाठी आलेल्या रोमन अधिकाऱ्यांना अडकवून ठेवले. त्यांच्या बदल्यात रोमच्या ताब्यातील आपले ओलीस त्यांना सोडवून घ्यावयाचे होते. समुद्रात घुसलेल्या भूशिरांवर त्यांची ठाणी होती आणि ओकाच्या लाकडाची भक्कम गलबते होती. रोमनांनी लांब काठ्यांना विळे बांधून त्या गलबतांचे दोर कापले. पुढे वारा पडला आणि शिडांवर विसंबलेले ते आरमार संपले. सीझरने त्यांच्या सभेतील सर्व सभासदांना ठार केले व उरलेल्यांना गुलाम म्हणून विकले. हे सारे आपल्याला सांगतो तो स्वतः सीझर. व्हेनेतींची बाजू सांगणारी एक ओळही मागे उरलेली नाही.

मालवणच्या दर्यावर्दींची गत फारशी वेगळी नाही. इंग्रजांच्या कागदांत ते सरसकट ‘चाचे’ ठरले आहेत. त्यांनी व्यापारी गलबते लुटली हे खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु परवान्याशिवाय जाणारे जहाज पकडण्याची रीत या समुद्रात पोर्तुगीजांनीच आपल्या ‘कार्ताझ’ने रूढ केली होती. परवाना गोऱ्या सत्तेचा असला की तो कायदा आणि मालवणच्या आरमाराने अडविले की ती चाचेगिरी, हा न्याय तोफांच्या बळावर ठरला. १७६५ साली कंपनीच्या आरमाराने सिंधुदुर्ग जिंकून त्याचे ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नामकरण केले आणि पुढे पैसे घेऊन तो कोल्हापूरकरांना परतही केला. कायद्याच्या रक्षणाची भाषा बोलणाऱ्यांनी किल्ल्याचा सौदा करावा, यातच त्या मोहिमेचे मर्म आले.

किनारा कायमचा गेला तो १८१२ साली, आणि तोही तहाने. कोल्हापूर आणि सावंतवाडी या दोन मराठी दरबारांचे वैर तोवर विकोपाला गेले होते. त्या भांडणात कंपनी मध्यस्थ म्हणून आली. करवीरच्या तहाने कोल्हापूरकरांनी मालवण व सिंधुदुर्ग दिले आणि इतर सत्तांपासून संरक्षणाची हमी घेतली. त्याच साली सावंतवाडीकडून वेंगुर्ले गेले. एदुईंच्या सरदारांनी जे केले, तेच आमच्या दरबारांनी केले. शेजाऱ्याचा पराभव व्हावा म्हणून धन्याला घरात घेतले.

त्यानंतर लढले ते कोण? १८४४ साली कोल्हापूर संस्थानातील गडकऱ्यांनी सामानगडावर उठाव केला. पिढ्यान्‌पिढ्या किल्ले राखण्याच्या मोबदल्यात त्यांना मिळालेल्या जमिनी नव्या कारभाराने काढून घेतल्या होत्या. म्हणजे मूळ प्रश्न जमिनीचा होता. १८३८ पासून इंग्रजी अंमलाखाली असलेल्या सावंतवाडीतही हा वणवा पसरला. फोंड सावंत तांबुळकर व त्यांच्या साथीदारांनी मनोहर आणि मनसंतोष या गडांचा आश्रय घेतला. जनरल डेलामोट व कर्नल औट्रम यांच्या फौजांनी १८४५ च्या आरंभी ते गड घेतले. म्होरके गोव्यात निसटले. सरकारी लेखी हे सारे ‘बंडखोर’.

फोंड सावंत हे सरंजामदार होते, त्यांच्या विजयाने कुळांचे राज्य आले नसते, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. व्हर्सिंजेटोरिक्सही उमरावच होता. परंतु त्याच्याच चुलत्याने व अन्य प्रतिष्ठितांनी त्याला गावाबाहेर काढले, तेव्हा त्याने रानोमाळच्या कंगाल व परागंदा लोकांची फौज उभी केली, असे सीझर तुच्छतेने लिहितो. त्या तुच्छतेतच इतिहासाची किल्ली आहे. इ. स. पू. ५२ मध्ये अलेशियाच्या वेढ्यात तो शरण आला आणि सहा वर्षांच्या कैदेनंतर रोममध्ये मारला गेला. नेता सरंजामी असेल. पण त्याच्यामागे जाणाऱ्याचा पोटाचा प्रश्न सरंजामी नसतो. त्या माणसाला स्वतःची संघटना नव्हती, म्हणून त्याला कोणा तरी सरदाराच्या निशाणाखाली जावे लागले.

ज्या वेंगुर्ल्यावर १८१२ साली कंपनीचे निशाण चढले, तेथेच १९२२ साली नाथ पै जन्मले. या किनाऱ्याने त्यांना आणि त्यांच्यामागून मधु दंडवते यांना पुनःपुन्हा लोकसभेत पाठविले. सामान्य माणूस सरदाराविना उभा राहू शकतो, याची ती साक्ष होती. आज याच किनाऱ्यावर रापणकर आणि पर्ससीन नौकांवरील खलाशी समोरासमोर ठाकतात, तेव्हा दोघेही कष्टकरीच असतात. नफा मोजणारा मालक मात्र त्या झटापटीत कोठेच नसतो. दोन घरांच्या भांडणात तिसऱ्याने राज्य कमवावे, हा जुनाच डाव आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी शिबिरांतून किल्ल्यांचा पराक्रम जरूर सांगावा, पण १८१२ चा तह आणि १८४४ चा उठावही सांगावा. जेत्याने ज्याला चाचा म्हटले त्याचे गाऱ्हाणे काय होते, आणि ज्याला मित्र म्हटले त्याने काय विकले, हे विचारण्याची सवय लागली तर आजचे तह वाचणेही आपल्या माणसांना जड जाणार नाही.