हराम आहे हे त्याला ठाऊक आहे, पुढे काय?

आपल्या मोहल्ल्यात कुणाच्या तोंडाला दारूचा वास आला तर संध्याकाळपर्यंत चार घरांत बोभाटा होतो. गोळीला मात्र वास नसतो. मालेगावात तिला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात, औरंगाबादकडे ‘बटन’. बहुतेकदा ते अल्प्राझोलम असते, म्हणजे चिंता आणि झोप न येणे यांवर डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात तेच औषध. पोरगा घरात सुस्त पडलेला दिसतो आणि अम्मी समजते, थकलाय. बेकारी, धास्ती, उडालेली झोप यांवर त्याने स्वतःच शोधलेला हा इलाज असतो, हे कुणी विचारतच नाही.

जुम्याच्या बयानात नशा हराम असल्याचे सांगितले जाते. बरोबरच आहे. पण जो अडकला आहे त्याला हे आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते, म्हणूनच तो लपतो. कुरआनात दारूबंदी एका दमात आली नाही. आधी तोट्याची जाणीव, मग नशेत नमाजजवळ न जाण्याची ताकीद आणि शेवटी पूर्ण मनाई. पुन्हा पुन्हा दारू पिऊन पकडल्या गेलेल्या एका माणसाला कुणी शाप दिला, तेव्हा पैगंबरांनी (स.) शाप देणाऱ्याला अडवले, अशी हदीस सहीह बुखारीत आहे. शिक्षा झाली, पण त्या माणसाला जमातीबाहेर टाकले नाही. आपण नेमके उलटे करतो.

घरचे लोक काय करतात? कोंडून ठेवतात, कसम घालतात, किंवा रमजानचा चाँद दिसला की ‘आजपासून बंद’ म्हणतात. नियत चांगली असली तरी यात जीव जाऊ शकतो. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर दोन-तीन दिवसांत भ्रम होतो, झटके येतात. अल्प्राझोलम महिनोन्‌महिने घेऊन अचानक थांबवल्यासही फिट येऊ शकते. ती डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी लागते. त्या दिवसांत रोजा सुटला तर आजाऱ्याला नंतर कजा करण्याची मुभा आहेच.

दुसरी भीती पोलिसांची. एनडीपीएस कायद्याचे कलम ६४-अ फारसे कुणी सांगत नाही. नशा केल्याचा किंवा अल्प प्रमाणात माल बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार पूर्ण करावे लागतात, एवढेच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही दारू आणि ड्रग्जमुळे उद्भवणाऱ्या मानसिक अवस्थांना आजारातच धरले आहे.

डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले, ते गर्दच्या आहारी गेलेल्या पोरांसाठी. तिथे पस्तीस दिवस ठेवून घेतात. बायकांसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट आहे, कारण नवऱ्याच्या व्यसनात बायकोही पिचलेली असते. घसरून परत आलेल्यालाही तिथे पुन्हा घेतात.

परभणीत तुराबुल हक यांच्या दर्ग्यात दुआ मागायला जरूर जा. जिल्हा रुग्णालयही याच शहरात आहे, तिथे मानसोपचाराची चौकशी करा. फोनवर बोलायचे असेल तर मनाच्या त्रासासाठी १४४१६, व्यसनासाठी १४४४६. मशीद कमिट्यांनी हे दोन नंबर वजूखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्यावेत. तिथे उभे राहून कोण नंबर वाचतोय, हे कुणी विचारत नाही.