आधी टाळी, मग ड्रम

“आई, मला ड्रमसेट हवा!” मुलाने असा हट्ट धरला, की घरात आधी खर्चाची आणि मग शेजाऱ्यांची चिंता सुरू होते. पण घाईने नाही म्हणू नका. रायपूरच्या मराठी घरांतल्या मुलांच्या कानांवर तबल्याबरोबर छत्तीसगढी मांदरही पडतो. अशा कानाला दूरदेशीचा ठेकाही परका वाटत नाही, आणि तो शिकायला सुरुवातीला पैसाही लागत नाही.

क्यूबात गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकन लोकांनी मायदेशीचे ताल जपले. त्यांतूनच ‘क्लावे’ हा पाच ठोक्यांचा ठेका रुजला. तीनतालासारख्या १६ मात्रा मोजा आणि १, ४, ७, ११ व १३ या मात्रांवर टाळी द्या. गंमत म्हणजे पहिल्या आणि तेराव्या मात्रेवर तीनतालातही टाळीच असते!

तिकडे अनेक वादक मिळून जे वाजवतात, ते ड्रमसेटवर एकट्याला सांभाळावे लागते. क्लावे स्नेअरच्या कडेवर, घंटेचा ठोका सिम्बलच्या मधल्या फुगवट्यावर, काँगाचे खुले बोल टॉमवर. म्हणून आधी एक हात बसवावा, मग दुसरा आणि शेवटी पाय.

ठुमरी गायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू तबला आणि ड्रम दोन्ही वाजवून जगभर गाजले. तेव्हा घरातला तबला अडगळीत टाकू नका. महिनाभर टाळी चुकली नाही, तर दोन काठ्या आणि एक उशी द्या. ड्रमसेटचा विचार त्यानंतर!