यंत्राची दृष्टी

एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहावा. अंतर कळण्यास दोन डोळे किती उपयोगी, हे तत्काळ ध्यानी येते. यामागील मर्म व्हीटस्टन यांनी १८३८ साली उलगडून दाखविले. कारखान्यातील यंत्रमानवासही असेच जोडकॅमेरे देतात. परंतु कोऱ्या भिंतीपुढे ते गोंधळतात, कारण जुळविण्यास खूणच नसते. प्रकाश सोडून तो परतण्याचा काळ मोजणारा कॅमेरा तेथे तरतो. मात्र आमच्या ग्वाल्हेरच्या जयविलास प्रासादातील काचेच्या झुंबरापुढे तोही फसेल. म्हणून दोहोंची साक्ष पडताळावी लागते. एकाचे उणे दुसरा भरून काढतो. अंदाज चुकला, तर शेजारच्या कामगाराचा हात यंत्रात सापडतो. यंत्राला डोळे देताना काटकसर नसावी, असे आम्हांस वाटते.