आपलं की परकं?

दोस्तांनो, दुपारी डब्यातली पोळी-भाजी खाल्लीत ना? ती काही तुमच्या शरीराचा भाग नव्हे, परकीच. मग शरीरातले सैनिक तिच्यावर तुटून का पडत नाहीत?

यात मोठा वाटा आहे फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या काही पेशींचा. १९७३ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोन यांनी उंदराच्या प्लीहेत त्या ओळखल्या. नाव ठेवलं डेंड्रायटिक पेशी. ग्रीक भाषेत 'डेंड्रॉन' म्हणजे झाड!

या पेशी म्हणजे नाक्यावरचे पहारेकरीच. त्वचेत, आतड्यात बसायचं, दिसेल त्याचा तुकडा उचलायचा आणि लसिकाग्रंथीत नेऊन 'टी पेशी' नावाच्या सैनिकांना दाखवायचा. सोबत जंतूंच्या खुणा असल्या, तर इशारा मिळतो, 'चला, हल्ला!' सगळं शांत असलं, तर, 'राहू दे, यापासून धोका नाही.' मग काही टी पेशी उलट बाकीच्यांनाच आवरतात. या आवरणाऱ्या पेशींवरच्या संशोधनाला २०२५ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

पण हा सगळा बंदोबस्त कोलमडला तर? सैनिक स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या आपल्याच पेशी मारू लागतात. लहान मुलांना बहुतेकदा होणारा 'टाइप १' मधुमेह तो हाच.

तेव्हा वर्गातलं कुणी इन्सुलिनचं इंजेक्शन घेत असेल, तर 'गोड फार खाल्लंस वाटतं!' असं चुकूनही म्हणू नका हं. आईबाबांनाही सांगा. त्यात त्या मुलाची काडीचीही चूक नसते.