नाला रुंद करून भागणार नाही



रायपूर हे तळ्यांचे शहर. बुढा तालाब, तेलीबांधा, महाराजबंध, कंकाली ही नावे इथल्या मराठी माणसाला तोंडपाठ आहेत. छत्तीसगढीत तळ्याला ‘तरिया’ म्हणतात आणि जुन्या वस्त्यांत हाच शब्द अजून चालतो. तळे म्हणजे केवळ आंघोळीचे आणि कपडे धुण्याचे ठिकाण नव्हते. मोठी सर आली की उताराचे पाणी आधी तळ्यात थांबे. तळे भरले की उरलेले पाणी सांडव्यावरून पुढे जाई आणि सरतेशेवटी खारून नदीकडे वळे. सगळे पाणी एकाच वेळी एकाच जागी येत नसे, खरी मेख इथेच आहे.

पुढे शहर वाढले, २००० साली राजधानी झाले. राजबंधा तलाव बुजला, त्याचे मैदान झाले, मैदानावर इमारती आल्या. नाव तेवढे राहिले. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली हिंचलाल तिवारी खटल्यात तळी ही समाजाची सामाईक ठेव आहे, ती राखलीच पाहिजेत, असे बजावले. आता तळ्यांचे सुशोभीकरण जोरात असते. काठाला भिंत, दिवे, फिरायला फरसबंदी, सगळे छान! पण पाणी आत यायची वाट बुजली तर ते तळे कसले, तो हौद झाला.

मुंबईचा धडा समोर आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि लोकल बंद पडल्या. त्या शहराच्या जुन्या गटारांची ताकद तासाला २५ मिलिमीटरची. ती ५० वर नेण्याची योजना १९९३ पासून कागदावर होती. एवढे सगळे झाल्यावर अलीकडे हिंदमातासाठी महापालिकेने काय केले? परळ-दादरच्या मैदानांखाली टाक्या बांधल्या, म्हणजे पाणी थोडा वेळ तिथेच थांबवायचे. कोट्यवधी खर्चून जमिनीखाली तरियाच खणली म्हणायची!

कोणी म्हणेल, हे नगर निगमचे काम, युनियनचा यात काय संबंध? संबंध आहे. रुळांवर पाणी चढले की ट्रॅक सर्किट निकामी होते, पॉइंट मशीन अडते, आणि मग गुडघाभर पाण्यात उतरतो तो ट्रॅकमन आणि सिग्नलचा खलाशी. पोस्टमन बंधूला थैली डोक्यावर धरून गल्ली पार करावी लागते. सखल क्वार्टरांत बायका रात्रभर पाणी उपसतात. वरून, शहरात रेल्वे स्वतःच मोठी जमीनदार आहे. शेड, गोदामे, क्वार्टर यांच्या छपरांवरचे पाणी आपणच शेजारच्या वस्तीवर सोडतो, हेही मान्य करावे लागेल.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ५० चौरस मीटरचे छप्पर आणि तासाला ५० मिलिमीटरची सर धरा. एका छपरावरून अडीच हजार लिटर. अशी शंभर छपरे म्हणजे तासाभरात अडीच लाख लिटर, आणि ते सारे एकाच नाल्यावर. नाला रुंद केला तर हे पाणी खालच्या वस्तीत नुसते लवकर पोचेल. तेच प्रत्येक इमारतीपाशी शोषखड्ड्यात, अंगणाच्या उघड्या मातीत किंवा कॉलनीच्या मैदानाला उथळ खोलगट करून तासभर अडवले, तर नाल्याला श्वास घ्यायला वेळ मिळतो.

एक सावधगिरी मात्र हवी. रायपूरखाली चुनखडीचा दगड आहे. त्याच्या भेगांतून पाणी झपाट्याने उतरते, पण घाणही तशीच उतरते आणि विहिरी-बोअरिंगला लागते. म्हणून शोषखड्ड्यात पाणी सोडायचे ते छपराचेच, तेही पहिल्या सरीचे वगळून. डिझेल-ऑइलने माखलेले यार्डाचे आणि पिट लाइनचे पाणी त्यात मुळीच जाता कामा नये. त्याची व्यवस्था वेगळी व्हावी.

खड्डे खणून फोटो काढणे सोपे असते. दोन पावसाळ्यांत ते गाळाने बसतात आणि नंतर कोणी विचारत नाही. म्हणून आमची मागणी खड्ड्यांची नाही, ते राखणाऱ्या माणसांची आहे. दर वर्षी मे महिन्यात सफाई व्हावी, त्यासाठी मंजूर पदे असावीत, कंत्राटदाराच्या रोजंदारीवर हे काम ढकलू नये. कॉलनी केअर कमिटीत हा विषय घ्या, प्रशासनाबरोबरच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो लेखी घाला. पोस्टाच्या साथींनीही आपल्या संयुक्त सल्लागार यंत्रणेत तो मांडावा. मात्र तोंडी तक्रार घेऊन जाऊ नका. आपापल्या कॉलनीतली छपरे मोजून, लिटरचा आकडा काढूनच बसा. मोजायचा टेप इंजिनिअरिंगच्या गँगकडे असतोच.