गावाच्या पुस्तकाला नावांची सूची द्या

गावाचा इतिहास, शाळेची स्मरणिका, घराण्याचा कुलवृत्तांत, देवस्थानाची माहिती असं काही तुमच्याकडे लिहून होत आलं असेल, तर छापायला टाकण्याआधी शेवटची चार-सहा पानं राखून ठेवा आणि तिथे नावांची सूची द्या. सुरुवातीची अनुक्रमणिका प्रकरणं सांगते. पण असं पुस्तक हातात घेणाऱ्याला प्रकरण नको असतं. आपला आजोबा, आपलं खेडं, आपल्या आळीतलं देऊळ कुठल्या पानावर आलंय, एवढंच त्याला बघायचं असतं. ते सापडलं नाही की तो थोडी चाळवाचाळव करतो आणि पुस्तक कपाटात जातं.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात तर सूचीवाचून गत नाही. पिंपळगाव राजा खामगाव तालुक्यात, पिंपळगाव काळे जळगाव जामोदकडे, पिंपळगाव सराई बुलढाणा तालुक्यात. देऊळगाव राजा आणि देऊळगाव मही एकाच तालुक्यात, तर देऊळगाव साकर्शा मेहकरकडे. नुसतं ‘जळगाव’ म्हटलं तर बाहेरचा वाचक थेट खानदेशात पोचतो. लिहिताना आपण ‘पिंपळगावची सोयरीक’ असं लिहून मोकळे होतो, कारण आपल्याला ठाऊक असतं. सूची करायला बसलं की मगच प्रश्न पडतो, हे पिंपळगाव कुठलं? तो प्रश्न छापण्याआधी पडलेला बरा.

हे काम हाताने होत नाही असं नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची केली, तेव्हा कुठला आला संगणक! पण तुमच्या-आमच्या पुस्तकाची अडचण वेगळी असते. सूची झाल्यावर कुणीतरी जुना फोटो आणून देतो, तो मध्येच घालावा लागतो आणि पुढचे सगळे पृष्ठांक सरकतात. दुसऱ्यांदा सूची करायचा धीर मग कुणाला राहत नाही.

म्हणून माझं सांगणं आहे की जमत असेल तर मजकूर लेटेकमध्ये लावा. डोनाल्ड कनूथ यांनी १९७८ साली टेक नावाची अक्षरजुळणीची प्रणाली आणली. त्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८०च्या दशकात लेटेक उभारलं. फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं आणि त्याचं झीटेक हे रूप वापरलं तर युनिकोड देवनागरी नीट उमटते. शिकायला थोडे दिवस जातील, ते मी लपवत नाही. शेजारचं एखादं पोरगं शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात असेल तर त्याला विचारा, अहवाल किंवा शोधनिबंधाच्या निमित्ताने त्याच्या कानावर हे नाव आलेलं असू शकतं.

यात सूची अशी होते. मजकुरात जिथे नाव आलं, तिथेच उलटी तिरपी रेघ, इंडेक्स हा शब्द आणि महिरपी कंसात नोंद लिहायची. ही खूण पानावर दिसत नाही. फाइल चालवली की सगळ्या खुणा पृष्ठांकांसह एका कच्च्या यादीत जमा होतात. मेकइंडेक्स नावाचा छोटा प्रोग्रॅम ती यादी लावून देतो आणि फाइल पुन्हा चालवली की शेवटी सूची छापून येते. मध्ये दहा फोटो घाला, पुन्हा चालवा, पृष्ठांक आपोआप बदलतात. नोंदीत उद्गारचिन्ह टाकलं की पोटनोंद होते. ‘लोणार’च्या पोटात ‘दैत्यसूदन मंदिर’ आणि ‘सरोवर’ अशा ओळी आत सरकून बसतात. लागोपाठ तीन पानं आली की तो स्वतःच ‘५७–५९’ असं करतो. मेकइंडेक्स वापरायचा तर पृष्ठांक मात्र इंग्रजी आकड्यांतच ठेवा, देवनागरी आकड्यांपाशी तो अडतो.

खरी गोम अक्षरक्रमात आहे, आणि ती मराठी माणसालाच सोडवावी लागते. मेकइंडेक्सला आपली वर्णमाला ठाऊक नाही. तो युनिकोडच्या क्रमाने लावतो आणि तिथे ळ हा ल आणि व यांच्यामध्ये बसवलेला आहे. आपण ळ शिकलो ह नंतर, आणि क्ष, ज्ञ त्याच्याही पुढे. त्यामुळे ‘नळगंगा’ ही ‘नवरात्रा’च्या आधी येते आणि ‘ज्ञानगंगा अभयारण्य’ ज च्या शेपटाला जाऊन बसतं. तिथे ते शोधणार कोण? यावर उपाय सोपा आहे. नोंदीत ॲटचं चिन्ह घातलं की त्याच्या आधीचा भाग फक्त क्रम लावायला वापरला जातो आणि नंतरचा भाग छापला जातो. युनिकोडमध्ये अवग्रह, म्हणजे ऽ, हा ह च्या नंतर आणि काना-वेलांट्यांच्या आधी येतो. तेव्हा ‘नऽगंगा’, मग ॲट, मग ‘नळगंगा’ असं लिहा. ‘ज्ञानगंगा’साठी ॲटच्या आधीच्या भागात सुरुवातीला नुसता अवग्रह जोडून ‘ऽज्ञानगंगा’ करा, ती ह च्या खाली जाते. सूचीत अक्षरांचे मथळे हवे असतील तर मेकइंडेक्सचा नाद सोडा. देवनागरी अक्षर त्याला तीन तुकड्यांत दिसतं आणि मथळ्यात तो पहिलाच तुकडा छापतो. त्यासाठी झिंडी नावाचा दुसरा प्रोग्रॅम घ्या, त्यात वर्णक्रम आपण ठरवून देऊ शकतो.

आता नावांविषयी. यंत्राला ‘ना. घ. देशपांडे’ आणि ‘ना.घ. देशपांडे’ ही दोन माणसं वाटतात, ‘देऊळगाव’ आणि ‘देउळगाव’ ही दोन गावं. ‘बुलडाणा’ आणि ‘बुलढाणा’ तर आपण सगळेच आलटूनपालटून लिहितो. एक रूप पक्कं करा आणि दुसऱ्यापुढे ‘पाहा’ लिहून पहिल्याकडे पाठवा, लेटेकमध्ये त्याची सोय आहे. आडनाव आधी की नाव आधी, यावर वाद घालत बसू नका. १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिणाऱ्या बुलढाण्याच्या ताराबाई ‘शिंदे, ताराबाई’ म्हणून शोभतात. जिजाऊंना मात्र लोक ज खालीच शोधणार आणि गजानन महाराजांना ग खाली. वाचकाचा हात जिथे आधी जाईल तिथे नोंद ठेवा.

सगळंच सूचीत कोंबू नका. सत्काराच्या यादीत एकदाच आलेली पन्नास नावं घ्यायची की नाही, हे समितीत आधी ठरवा, नाहीतर नंतर रुसवेफुगवे होतात. माझं मत विचाराल तर घ्या. कुलवृत्तांतात आणि गावाच्या इतिहासात तर मुळीच गाळू नका. ज्याच्याबद्दल एकच ओळ आहे, त्याच्या नातवाला ती ओळ सूचीशिवाय सापडायची नाही. बायकांची नावं माहेर-सासर दोन्हीकडून द्या. गाळायचीच असतील तर ‘शेती’, ‘पाऊस’, ‘समाज’ असले शब्द गाळा. त्यांच्यापुढे चाळीस पृष्ठांक लागतात आणि उपयोग शून्य.

पुस्तक डीटीपीवाल्याकडेच लावायचं असेल तरी हरकत नाही, फक्त मजकूर युनिकोडमध्ये टाइप करायला सांगा. जुन्या फॉन्टात पडद्यावर क दिसतो, पण आत इंग्रजी अक्षराची खूण असते, म्हणून यादी लावली की सगळी सरमिसळ होते. सूचीचं पहिलं प्रिंट निघालं की गावातल्या जाणत्या माणसाला आणि एखाद्या माहेरवाशिणीला वाचायला द्या. पुस्तक नका देऊ, नुसती सूची द्या. कोण सुटलं, कोण दोनदा आलं आणि कुठलं पिंपळगाव चुकीच्या पिंपळगावात मिसळलं, ते त्यांच्या लगेच लक्षात येईल.